कौल कुणाचा?

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, सगळे पुढारी एकाच माळेचे मणी. त्यांना मत द्यायला मी बंगळूरहून रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून यायचं?" तेवढ्यात कुकरची शिटी झाली आणि मी विषय सोडला. खरं तर उत्तर सुचलं नव्हतं. आजही नीटसं सुचलेलं नाही, पण तोंडापेक्षा माझा हात बरा चालतो.

जानेवारी २०२२ आठवतो? वर्क फ्रॉम होममुळे तू घरीच होतास. आपल्या गोव्याच्या विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसासमोर (क्रॉससमोर) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथ घ्यायला लावली, की निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही. तू टीव्हीसमोर हसलास आणि मी तुझ्यावर डाफरले. शपथेची वेळ का आली ते मलाही ठाऊक होतं. २०१७ला सतरा आमदार निवडून आणलेल्या पक्षाकडे तेव्हा दोनच उरले होते. २०१९च्या जुलैत तर पंधरातले दहा एका दमात भाजपमध्ये गेले होते.

शपथेला आठ महिनेही झाले नाहीत. १४ सप्टेंबर २०२२ला काँग्रेसच्या अकरा आमदारांतले आठ भाजपमध्ये गेले. त्यांत दिगंबर कामत होते, २०१९ला न गेलेले. शपथेचं काय, असं विचारल्यावर ते म्हणाले, देवाला विचारलं, देवाने सांगितलं, तुला योग्य वाटेल ते कर. (२००५मध्ये हेच कामत भाजप सोडून काँग्रेसमध्ये आले, तेव्हा काँग्रेसवाल्यांनी कुणाला देवळात नेलं नव्हतं. पुढे त्यांना मुख्यमंत्रीही केलं.)

आता आकडे बघ, तुला आवडतात ना. पंधराचे दोन तृतीयांश दहा. अकराचे दोन तृतीयांश सात आणि वर थोडे, म्हणजे आठ. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५चा. एकट्याने पक्ष सोडला तर आमदारकी जाते, दोन तृतीयांश मिळून गेले तर ते 'विलीनीकरण'. आधी एक तृतीयांशांनाही फुटायची मुभा होती, ती २००३मध्ये काढली, तर यांनी मोठा गट जमवायला सुरुवात केली. एकाने खाल्लं तर शेण, सगळ्यांनी खाल्लं तर श्रावणी. आमची आजी हे म्हणायची तेव्हा ती थट्टा होती.

चाळीसांच्या विधानसभेत त्या दिवसानंतर विरोधात सात जण उरले. तुला कंटाळा येतो तो नेत्यांच्या खोटेपणाचा. मला भीती वाटते ती या सातची. ज्यांना आपण सरकारला प्रश्न विचारायला पाठवलं तेच जाऊन सरकारच्या पंगतीला बसले. खाणींचं, जमिनींचं, पाण्याचं विचारणार कोण?

आणि देवाचा कौल म्हणशील तर तोही मी लहानपणापासून पाहिलाय. भट गाऱ्हाणं घालतो, मूर्तीला पाकळ्या लावतो, उजवी पडते की डावी ते सगळा गाव बघत असतो. कामतांचा देव त्यांच्याशी एकट्याशीच बोलला. शिवाय लोकांनी कौल फेब्रुवारीत आधीच दिला होता, मतपेटीतून. त्या कौलाला काय किंमत?

माझे बाबा पक्के मगोवाले, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात त्यांनी फुलावर मत दिलं, गोवा महाराष्ट्रात जावा म्हणून. दोन पानं, म्हणजे गोवा वेगळा ठेवा म्हणणारी बाजू जिंकली, १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. मी सहा वर्षांची होते. ते संध्याकाळी पायरीवर बसून राहिले, आईने दोनदा जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. विलीनीकरण हाच भाऊसाहेब बांदोडकरांचा पक्ष उभा राहण्यामागचा मुद्दा. पण कौल निर्मळ व्हावा म्हणून त्यांच्या सरकारने आधी राजीनामा दिला, आणि हरल्यावर त्याच लोकांकडे परत मतं मागायला गेले. लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. विलीनीकरण हा शब्द तेव्हा आमच्या घरात केवढा मोठा होता, आणि आता तो कशासाठी वापरतात बघ.

मी शाळेत शिकवत असताना कितीदा निवडणूक ड्युटी केली, तुला माहीत आहे. एकदा संध्याकाळी रजिस्टरवरच्या सह्या आणि मशीनवरचा आकडा जुळेना. फरक एकाचा. कोणीतरी सही करून, शाई लावून, बटण न दाबताच निघून गेलं असणार. त्या एका मतासाठी आम्ही चौघं रात्री उशिरापर्यंत यादी वरून खाली, खालून वर वाचत बसलो, भजी थंड झाली, केंद्राध्यक्षांनी लेखी खुलासा दिला तेव्हा पेट्या हलल्या. एका मताचा हिशेब द्यावा लागला आम्हाला. ज्याला हजारो मिळाली त्याला कुणी खुलासा मागत नाही.

मी तरी कुठे मागितला? आपल्या देवळाच्या जत्रेला असाच एक पक्ष बदललेला पाहुणा आला होता. नाव लिहीत नाही. शाल-श्रीफळ द्यायला समितीने मलाच पुढे केलं. त्याने वाकून नमस्कार केला, "बाई, तुम्ही माझ्या पुतणीला शिकवलंत," म्हणाला. मी हसले आणि नारळ दिला. विचारायचं होतं ते घशातच राहिलं. तो गेल्यावर बायका म्हणाल्या, किती साधा माणूस!

म्हणून मी तुला उपदेश करायच्या लायकीची नाही. पण "सगळे तसलेच" हे वाक्य त्यांना फार सोयीचं आहे रे. आपण आधीच काही अपेक्षा धरली नाही की त्यांना खोटं बोलायचे कष्टसुद्धा पडत नाहीत. ते आठ गेले तेव्हा मला राग आला होता, दोन दिवस. मग व्हॉट्सॲपवर विनोद आले, मीही चार जणींना पुढे पाठवले, आणि राग गेला तो गेलाच.

मतदार यादीत तुझं नाव अजून इथेच आहे, घर क्रमांकासह. यायचं की नाही ते तू ठरव. आलास तर बॅग अर्धी रिकामी आण. कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या भरून ठेवल्यात, आणि बाबांनी तुझ्यासाठी फणसाची साठं वाळवलीत.

तुझी,
आई