फातोर्ड्यात बिअर विकायची तर सामन्याआधी, आणि परतीच्या बसची सोय करून

मा. संपादक यांस,

फुटबॉलचा मोसम आला की मडगावच्या फातोर्डा भागातील नेहरू स्टेडियममध्ये प्रेक्षकांना बिअर मिळावी की नाही, हा वाद निघतोच. गोव्यात दारूचे सोवळे कसले, असे एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, मुलाबाळांसमोर नको. दोन्ही बाजूंचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण हा निर्णय यशस्वी होणार की फसणार, हे ज्या गोष्टी ठरवणार आहेत त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही: काउंटरवरची रांग, मुताऱ्या, पायऱ्या, पार्किंग आणि शेवटची बस. आमचे मत आधीच सांगतो. बसायच्या जागी, म्हणजे स्टँडमध्ये, मद्य अजिबात नको. स्टँडच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात सौम्य बिअर विकायला हरकत नाही, पण फक्त सामना सुरू होण्याआधी. आणि तीही रात्री घरी नेणाऱ्या बसगाड्यांची सोय झाल्यानंतरच.

गावच्या मैदानाचा दाखला हमखास दिला जातो. सासष्टी तालुक्यात काय किंवा बार्देश तालुक्यात काय, मैदान तिथे बार असतोच आणि आजवर काय बिघडले, असा तो युक्तिवाद. गावच्या मैदानावर माणूस दोरीलगत उभा राहतो, कंटाळला तर बाजूला होतो आणि सामना संपला की चालत घरी जातो. फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियममध्ये 19 हजारांच्या आसपास माणसे बसतात. उतरत्या पायऱ्या, रांगेत खेटून खुर्च्या, आणि मधल्या माणसाला बाहेर पडायचे तर सात-आठ जणांच्या गुडघ्यांवरून जावे लागते. काँक्रीटच्या पायरीवर बिअर सांडली की ती बुळबुळीत होते. गोल झाला की सगळे एकदम उठतात आणि हातातला पेला पुढच्याच्या डोक्यावर रिकामा होतो. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो, तरी भांडण तिथूनच सुरू होते. शिवाय सामना संपल्यावर हा प्रेक्षक चालत जात नाही. तो स्कूटरला किक मारतो आणि वास्को, फोंडा, काणकोण, म्हापसा अशा दिशांना वीस ते पंचेचाळीस किलोमीटर जातो. वाटेत बोरीचा पूल आहे, करमल घाट आहे.

म्हणून आधी हिशेब नीट समजून घेऊ. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले की गुन्हा होतो. पहिल्या वेळी 10 हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. 5 टक्क्यांची 330 मिलिलिटरची एक पाइंट म्हणजे साधारण 13 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याने 25 ते 30 मिलिग्रॅम चढते, म्हणजे एका पाइंटमध्येच तो मर्यादेच्या उंबरठ्यावर येतो. वजन कमी असेल, बाई असेल किंवा पोट रिकामे असेल तर याहून जास्त. 650 मिलिलिटरची 8 टक्क्यांची स्ट्राँग बाटली घेतली तर 41 ग्रॅम, म्हणजे रक्तात 85 मिलिग्रॅमच्या आसपास. रक्तातले हे प्रमाण यकृत तासाला सरासरी 15 मिलिग्रॅमने उतरवते. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याने तोंड धुणे यांनी हा वेग वाढत नाही. सव्वासातला ती बाटली संपवणारा साडेनऊला बाहेर येतो तेव्हा त्याच्या रक्तात अजून पन्नासच्या आसपास असते. त्याला स्वतःला अगदी ठीक वाटत असते आणि धोका त्यातच आहे.

क्वार्टरचे गणित तर याहून वाईट. आत काही मिळणार नाही हे ठाऊक असल्यामुळे काही जण बाहेरच्या बारमध्ये 180 मिलिलिटर दहा मिनिटांत घशाखाली लोटतात आणि गेटवर येतात. त्यात 60 ग्रॅम अल्कोहोल असते. ते रक्तात शिगेला पोहोचायला अर्धा ते एक तास लागतो. त्यामुळे गेटवर हा माणूस सरळ चालतो, नीट बोलतो, तपासनीस त्याला सोडतो, आणि मध्यंतराच्या सुमारास त्याचा तोल जातो. गेटवर तोंडाचा वास घेऊन माणसे अडवण्याचा उपाय एवढ्यासाठीच फसतो. आत बंदी केली म्हणजे पिणे थांबत नाही. ते गेटबाहेर जाते, घाईचे होते आणि बिअरऐवजी कडक मद्याचे होते.

दुसरी वाट पाण्याच्या बाटलीची. फेणी पाण्यासारखी पारदर्शक असते, हुर्राक ही काजूची हलकी दारूही. नुसत्या नजरेने कळत नाही. बाटलीच्या झाकणाखालची कडी तुटलेली असेल तर झाकण उघडून वास घ्यावा लागतो. काजूची फेणी हातभर अंतरावरूनही लपत नाही. पण हजारो माणसांच्या बाटल्या एकेक उघडत बसले तर गेटवर गर्दी तुंबते. यावर साधा उपाय आहे. बाहेरचे कोणतेच पेय आत नाही, आणि आत प्रत्येक ब्लॉकमागे पिण्याचे थंड पाणी फुकट. पाणी विकत घ्यायला लावून बाटल्यांवर बंदी घातली की लोक चिडतात आणि त्यांचे चिडणे रास्तच असते.

आता मध्यंतराकडे येऊ, कारण घोळ नेमका तिथे होतो. मध्यंतर 15 मिनिटांचे. एक पेला भरून, पैसे घेऊन हातात द्यायला चांगल्या माणसालाही 25 सेकंद लागतात. यूपीआय असेल आणि भरलेल्या स्टेडियममध्ये मोबाइलची रेंज दबली असेल तर पैसे आल्याचा आवाज येईपर्यंत मिनिट जाते. 25 सेकंदच धरले तरी 15 मिनिटांत एका काउंटरवर 36 पेले, दहा काउंटरवर 360. भरलेल्या फातोर्ड्यात दहांतल्या एकालाच बिअर हवी असे धरले तरी माणसे झाली 1,900. पन्नासहून जास्त काउंटर लावणार कुठे? मग रांग मोडते, रेटारेटी होते, आणि ज्याला मिळते तो दोन पेले घेतो आणि शिट्टी वाजायच्या आत गटागट संपवतो. तीच पंधरा मिनिटे मुताऱ्यांचीही असतात. माणसामागे पाऊण मिनिट धरले तर एका मुतारीवर वीस जण. बिअरने लघवीचे प्रमाण वाढते, त्यामुळे आज जेमतेम पुरणारी सोय त्या दिवशी पुरणार नाही आणि लोक भिंतीकडे वळतील. स्त्रियांच्या प्रसाधनगृहासमोरची रांग तर आजही मध्यंतर संपले तरी संपत नाही.

इंग्लंडचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. तिथे 1985 च्या कायद्याने पुरुषांच्या वरच्या पातळीवरील सामन्यांत मैदान दिसेल अशा जागी मद्य पिण्यास बंदी आहे. स्टँडखालच्या मार्गिकेत मात्र विक्री चालते. परिणाम असा की प्रेक्षक सामन्याआधी आणि मध्यंतरात मार्गिकेत कोंडाळे करून घाईघाईने पितो. 2021 मध्ये तिथल्या सरकारने नेमलेल्या, ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नेमके यावरच बोट ठेवले आणि खालच्या श्रेणीतील क्लबांत स्टँडमध्ये पिण्याचा प्रयोग करून पाहावा अशी शिफारस केली. महिलांच्या सामन्यांना ती बंदी लागू नसल्याने तिथे 2025 मध्ये काही क्लबांनी असा प्रयोग सुरूही केला. स्कॉटलंडमध्ये 1980 च्या चषक अंतिम सामन्यानंतर हॅम्पडेन पार्कवर सेल्टिक आणि रेंजर्सचे पाठीराखे मैदानात उतरून एकमेकांवर बाटल्या-डबे फेकू लागले, घोडेस्वार पोलीस बोलवावे लागले आणि त्याच वर्षी कडक कायदा आला. फ्रान्सने 1991 च्या कायद्याने स्टेडियममधली विक्री रोखली. जर्मनीत प्रेक्षक खुर्चीवर बसून बिअर पितात, पण जोखमीच्या सामन्याला तिथेही बिनअल्कोहोलची बिअर देतात. युरोपीय स्पर्धांपुरती युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, 2018 मध्ये बंदी उठवली आणि निर्णय त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडला. जगात एकच एक उत्तर नाही. जर्मनीचे उदाहरण देणाऱ्यांनी एवढे मात्र ध्यानात घ्यावे की तिथे बहुतेक ठिकाणी सामन्याच्या तिकिटावरच ट्राम आणि लोकल गाडीचा प्रवास फुकट असतो.

इंग्लंडमधल्या हिल्सबरो स्टेडियमच्या दुर्घटनेचा उल्लेख टाळता येत नाही. 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या त्या स्टेडियममध्ये चेंगराचेंगरीत जखमी झालेल्यांपैकी एकूण 97 जणांचे प्राण गेले. पोलिसांनी आणि काही वृत्तपत्रांनी दोष टाकला तो दारू प्यायलेल्या प्रेक्षकांवर. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनी त्याच वर्षी तो आरोप खोडून काढला. मुख्य कारण पोलिसांचे गर्दीवरचे सुटलेले नियंत्रण, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. तरी तो आळ पुसायला 2012 चा स्वतंत्र अहवाल आणि 2016 चा चौकशीचा निकाल यावा लागला. झाले होते असे: सामन्याची वेळ जवळ आली, गेटबाहेर दाटी झाली, बाहेर पडायचे मोठे दार उघडून माणसे आत घेतली आणि ती आधीच भरलेल्या मधल्या कोंडवाड्यांत, म्हणजे उभे राहायच्या बंदिस्त कप्प्यांत, गेली. आपल्याकडेही काही विपरीत घडले तर पहिले बोट बिअरकडे जाईल आणि गेट किती उघडी होती हे कोणी विचारणार नाही, ही आम्हाला खरी काळजी आहे.

यातूनच आमची सूचना निघते. सामना साडेसातला असेल तर गेट सहाला उघडावीत आणि विक्री सहा ते सात-वीस एवढीच ठेवावी. मध्यंतरात काउंटर बंद, नंतरही बंद. या ऐंशी मिनिटांत दहा काउंटर 1,900 पेले देऊ शकतात, रांग मोडत नाही, आणि आत काहीतरी मिळते म्हणून माणसे लवकर आत येतात, त्यामुळे शेवटच्या वीस मिनिटांतली गेटवरची दाटी कमी होते. माणशी एकच पेला, 300 मिलिलिटरचा, साडेचार टक्क्यांपर्यंतचा. सातला प्यायलेला तो पेला सामना संपेपर्यंत बहुतेकांच्या रक्तातून जवळपास उतरलेला असतो. याचा अर्थ चालवणाऱ्याने प्यावे असा कोणी घेऊ नये. तिकिटाचा क्यूआर कोड काउंटरवर एकदा स्कॅन झाला की दुसरा पेला मिळू नये. वयाचा पुरावा काउंटरवर न पाहता वेगळ्या टेबलावर पाहून मनगटाला कागदी पट्टी बांधावी, म्हणजे रांग अडत नाही. निदान दोन ब्लॉक कुटुंबांसाठी ठेवावेत आणि त्यांच्यामागे काउंटर असू नये.

व्हीआयपी कक्षालाही हाच नियम हवा. इंग्लंडमध्ये मैदान दिसणाऱ्या खासगी कक्षांतही सामन्याच्या 15 मिनिटे आधीपासून 15 मिनिटे नंतरपर्यंत मद्य चालत नाही. काचेमागे व्हिस्की आणि उघड्या स्टँडला उपदेश, हे लोक सहन करणार नाहीत.

बाटली आणि कॅन काउंटरच्या पलीकडे येता कामा नये. बॅरलमधूनच बिअर द्यावी. 30 लिटरच्या बॅरलमधून हिशेबाने शंभर पेले निघायला हवेत, प्रत्यक्षात फेस धरून नव्वद निघाले तर ठीक. बॅरल टेम्पोतून हिंदकळत आणून लगेच लावले किंवा ते 3-4 अंशांपर्यंत थंड झालेले नसले तर निम्मा पेला फेसाचाच येतो, लोक हुज्जत घालतात आणि रांग थांबते. आदल्या रात्रीच ते शीतपेटीत हवे. 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकायचे प्लास्टिकचे पेले देशभर बंद आहेत. जाड, पुन्हा धुता येणारे पेले आणावेत, त्यावर 50 रुपये अनामत घ्यावी आणि पेला दिला की पैसे परत. पन्नास रुपयांचा पेला सहसा कोणी मैदानात भिरकावत नाही. पेला घेऊन स्टँडच्या दारातून आत जाता येऊ नये, यासाठी प्रत्येक दाराशी एक स्वयंसेवक आणि पेले परत घेणारे टेबल हवे.

क्लबला पैसा मिळेल, हा मुद्दा आम्हाला फारसा पटत नाही. माणशी एका पेल्याच्या नफ्यावर कोणताही क्लब तगत नाही. परवाना मागायचा असेल तर प्रेक्षकाच्या सोयीसाठी मागावा.

राहिली बस. मडगावचे कदंब स्थानक स्टेडियमपासून जवळच आहे, पण सामना संपेपर्यंत बहुतेक मार्गांवरची शेवटची गाडी सुटून गेलेली असते. सामन्याच्या दिवशी रात्री पावणेदहा आणि सव्वादहा अशा दोन फेऱ्या वास्को, पणजीमार्गे म्हापसा, फोंडा, कुडचडे आणि काणकोण या पाच मार्गांवर ठेवाव्यात, भाडे तिकिटातच घ्यावे आणि गाड्या स्टेडियमच्या दारातून सोडाव्यात. ज्याने स्कूटर आणली आणि पेला घेतला त्याला ती रात्रभर पार्किंगमध्ये ठेवता यावी, सकाळी दहापर्यंत शुल्क नको आणि तालांव, म्हणजे दंडाची पावतीही नको. पार्किंगच्या बाहेर पडायच्या दाराशी वाहतूक पोलीस श्वासयंत्र घेऊन उभे राहावेत आणि तसा फलक तिकीट खिडकीवरच लावावा. या फेऱ्या एक पूर्ण मोसम आधी बिअरशिवाय चालवून पाहाव्यात. गाड्या भरतात की रिकाम्या जातात ते कळेल, आणि अबकारी खात्याकडे अर्ज करताना हातात तोच आकडा असेल.

आपले,
मडगाव-फातोर्डा परिसरातील काही फुटबॉलप्रेमी