वाडीच्या पाण्यासाठी आवाहन: 19 गुंडाळ्या पाइप, 3,200 चिरे आणि तीन दिवसांचे खोदकाम

वाडीतील ग्रामस्थ, मुंबई-पुण्यातील चाकरमानी मंडळी, माहेरवाशिणी आणि वाडीचे हितचिंतक, सर्वांस नमस्कार.

सड्यावरच्या (डोंगरावरच्या कातळ पठारावरच्या) झऱ्यापासून वाडीच्या टाकीपर्यंतची 1,850 मीटर लाइन यंदा दिवाळीनंतर संपूर्ण नव्याने टाकायचे पाणीपुरवठा समितीने ठरवले आहे. त्यासाठी सामान, श्रम आणि थोडी रोख रक्कम हवी आहे. नेमके काय हवे आणि का, ते खाली सविस्तर लिहीत आहोत. देणाऱ्याला आपला पैसा कुठे मुरणार आहे हे आधी कळलेले बरे.

पहिली गोष्ट, झऱ्याला पाणी कमी नाही. मे महिन्याच्या अखेरीस 20 लिटरचा कॅन 80 सेकंदांत भरतो, म्हणजे मिनिटाला 15 लिटर, दिवसरात्रीत 21,600 लिटर. वाडीत माणसे 190. जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज 55 लिटर धरले तर 10,450 लिटर, आणि 35 गुरांना प्रत्येकी 40 लिटरप्रमाणे 1,400. एवढे देऊनही पाणी उरते. त्यामुळे बोअर मारा, टँकर मागवा अशा सूचना कृपया नकोत. पाणी वाटेत हरवते आहे.

ते हरवते त्याचे मुख्य कारण पाइपचा दर्जा. आत्ताची लाइन चार किलोच्या, म्हणजे चार किलोपर्यंतच दाब सोसणाऱ्या, 32 मि.मी. काळ्या पाइपची आहे. झऱ्यापासून टाकी 48 मीटर खाली आहे, पण मधला मोठा पऱ्या (डोंगरी ओढा) झऱ्यापेक्षा 71 मीटर खोल आहे. दर 10 मीटर उंचीला साधारण एक किलो दाब येतो, म्हणजे पऱ्यात सात किलोंच्या वर. पाणी वाहते असते तोवर घर्षणात थोडा दाब जातो आणि पाइप कसाबसा तग धरतो. रात्री टाकीची चावी बंद केली की पूर्ण दाब बसतो आणि सकाळी पऱ्यात कारंजे उडालेले असते. मग पाइप जाळावर मऊ करायचा, एकात एक सारायचा, वर सायकलची ट्यूब आणि तार. असे 19 जोड आज लाइनवर आहेत आणि त्यांतला एकही कोरडा नाही.

नवी लाइन 40 मि.मी. एचडीपीई (जाड प्लास्टिकच्या) पाइपची असेल. वरच्या भागात सहा किलोचा पाइप, आणि झऱ्यापासून 50 मीटरपेक्षा खोल जिथे जिथे जाते तिथे दहा किलोचा. पाइपवर आयएस 4984 चा शिक्का हवा. कित्येकांनी 63 मि.मी.चा घ्या असे सुचवले. एवढ्या उतारावर 40 मि.मी.मधून मिनिटाला 45 लिटरच्या आसपास पाणी जाऊ शकते, झऱ्याच्या मे महिन्यातल्या पाण्याच्या तिप्पट. पाइप आणखी मोठा केला तर पाणी संथ चालते, गाळ बसतो आणि उंचवट्यावर कोंडलेली हवा पुढे ढकलली जात नाही. वर झरा ओसंडतो आणि खाली टाकीत थेंब नाही, असे दिसले की ती हवाच असते. म्हणून तीन उंचवट्यांवर 15 मि.मी.चे एअर व्हॉल्व आणि दोन खोलगटांत गाळ सोडायला वॉश आऊट बसवणार आहोत. टाकीच्या तोंडचा गेट व्हॉल्व थोडा आवळलेला राहील, म्हणजे लाइन भरलेली राहते आणि वरून हवा ओढत नाही. टाकीला बॉलकॉक लावायचा नाही. टाकी भरली की वरचे पाणी गुरांच्या डोणीत जाऊ द्यायचे.

सामान असे लागेल. सहा किलोच्या 100 मीटरच्या 13 गुंडाळ्या आणि दहा किलोच्या 6. कॉम्प्रेशन कपलर (दोन पाइप आवळून जोडणारे जोड) 24, त्यांत चार जास्तीचे. तिन्ही पऱ्यांवर ओलांडायला 40 मि.मी. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप 'बी' वर्गाचा, निळ्या पट्टीचा, 6 मीटरचे 9 नग. एचडीपीईवरून जीआयवर जाण्यासाठी आट्यांचे अडॅप्टर 10. पऱ्यात खांब उभारणार नाही, पहिल्याच पुरात दगडगोटे ते घेऊन जातात. दोन्ही काठांच्या कातळात अँकर बोल्ट मारून 8 मि.मी. वायररोपला जीआय पाइप पुराच्या खुणेच्या वर टांगायचा आहे.

झऱ्यावरची पेटी नव्याने बांधायची आहे: आतून एक मीटर बाय एक मीटर, वर स्लॅबचे झाकण, पाइपच्या तोंडाला स्टीलची जाळी, आणि तोंड तळापासून 15 सें.मी. वर. जादा पाण्याचा पाइप मात्र झऱ्याच्या डोळ्यापेक्षा, म्हणजे पाणी जिथून फुटते त्या तोंडापेक्षा, खालीच ठेवायचा. पेटीत पाणी डोळ्याच्या वर चढले तर झऱ्यावर उलटा दाब येतो आणि तो दुसरीकडून वाट काढतो. पेटी मजबूत आणि झरा शेजारून वाहतोय, हे पाहण्याची वेळ यायला नको. यासाठी सिमेंटच्या 12 गोण्या पुरतील, वाळू आणि खडी वाडीतून जमली आहे.

खरी अडचण सड्यावरच्या 550 मीटरची आहे. तिथे कातळ, चर खोदता येत नाही. उघडा पाइप उन्हात तापतो, रात्री आखडतो. 20 अंशांच्या फरकाने 100 मीटर पाइप 30 ते 40 सें.मी. कमीजास्त होतो, आणि दुपारी ताणून टाकलेला पाइप पहाटे कपलरमधून निसटतो. त्याहून वाईट म्हणजे वणवा. फेब्रुवारीनंतर गवत पेटले की पाइप मेणासारखा वितळतो. यावर उपाय एकच: पाइप नागमोडी टाकायचा, दोन्ही बाजूंनी जांभ्याच्या चिऱ्यांची ओळ आणि मध्ये माती. अंदाजे 3,200 चिरे लागतील. मोडके, कोपरे उडालेले सगळे चालतील. ज्यांच्या जुन्या घराचे, गडग्याचे पडून असतील त्यांनी ते दिले तर मोठा खर्च वाचेल.

जंगलातून जाणाऱ्या 400 मीटरसाठी वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) खाली ग्रामसभेचा ठराव करून प्रस्ताव वनविभागाकडे पाठवला आहे. मंजुरी हाती येईपर्यंत त्या पट्ट्यात कुणीही कुदळ मारू नये.

उरलेल्या 900 मीटरला एक फूट रुंद, अडीच फूट खोल चर. ओल्या मातीत एक माणूस दिवसाला पाच मीटर काढतो, म्हणजे 60 माणसे तीन दिवस. चाकरमान्यांना शिमग्याला येणे सोयीचे, हे मान्य. पण तोवर जमीन दगड होते आणि हेच काम दुप्पट माणसे खाते. म्हणून भाऊबीजेनंतरचा पहिला शुक्रवार, शनिवार, रविवार धरला आहे. जेवण वाडीत. कुदळ, फावडे आणि घमेले असेल तर आणावे.

जोडणीला दोन फिटर चार दिवस मजुरीवर असतील, पण सोबत वाडीतले चार तरुण हवेत, कारण पुढची दुरुस्ती त्यांनाच करायची आहे. पाइप काटकोनात कापणे, कडा तासणे, कपलरमध्ये किती आत जायचा त्याची खूण करणे, रबरी रिंगेला वाळूचा कण न लागू देणे, एवढे नीट केले तर जोड गळत नाही. कपलर सकाळी, गारव्यात आवळायचे. लाइन भरून, खालची चावी बंद करून 24 तास ठेवायची, तोवर जोडांवर माती ओढायची नाही. पाणी सुरू झाल्यावर 10,000 लिटरच्या टाकीला 50 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवून, वरची निवळी तेवढी ओतायची आणि अर्ध्या तासाने पाणी सोडायचे.

रोख देणगी ग्रामपंचायत कार्यालयात पावती घेऊनच द्यावी. तीन दुकानांची दरपत्रके तिथल्या फलकावर लावली आहेत, रोजचा जमाखर्चही तिथेच लागेल. रक्कम लहान-मोठी पाहू नये. कुणी दहा मीटर पाइपचे पैसे दिले, कुणी एका कपलरचे, तरी ते तसेच लिहिले जाईल. वस्तू देणार असाल तर आधी समितीला विचारा, कारण एकाच मापाचे दोन कंपन्यांचे कपलर आणि रिंगा एकमेकांत चालतीलच असे नाही. बिल्डिंगच्या कामातून उरलेले पीव्हीसी पाइप कृपया पाठवू नका. सड्यावरच्या उन्हात ते ठिसूळ होतात, आणि मागच्या खेपेचे अजून शाळेमागे पडून आहेत.