दिवा स्वतःच्या चेहऱ्यावर धरणाऱ्या जवानास

मुंबई अग्निशमन दलातील त्या जवानास,

सादर नमस्कार.

आमच्या इमारतीच्या इलेक्ट्रिक डक्टला आग लागली त्या रात्रीला तीन आठवडे झाले, तरी जिन्यात पाऊल टाकले की घशाशी धूर आल्यासारखे होते, म्हणून हे पत्र लिहायला इतका उशीर झाला.

१०१ वर फोन उचलणाऱ्या आपल्या सहकाऱ्याने सांगितल्याप्रमाणे मी दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले आणि आईला घेऊन अकराव्या मजल्यावरील आमच्या खिडकीशी बसून राहिले. आपण आत आलात तेव्हा आई किंचाळलीच. तिला ऐकू कमी येते, कानातले यंत्र रात्री काढून ठेवलेले, आणि समोर अंधारातून आलेला मुखवट्याचा माणूस. ती जागची हलेना. तेव्हा आपण गुडघ्यावर बसलात, मुखवटा क्षणभर खाली ओढलात, हातातल्या विजेरीचा झोत तिच्या डोळ्यांवर न टाकता स्वतःच्या चेहऱ्यावर धरलात आणि ओठ सावकाश हलवत म्हणालात, "आजी, मी आहे. चला." घामाने निथळलेला तो कोवळा चेहरा पाहून आईने आपला हात धरला, तो थेट तळमजल्यावर सोडला.

खाली आल्यावर कळले की आपल्या गाडीला आत वळताच आले नव्हते, कारण फाटकाशी रहिवाशांच्याच मोटारी उभ्या होत्या. आग विझवायची पाण्याची नळी ठेवायच्या मजल्यावरच्या होजपेटीत झाडू आणि रद्दी निघाली. अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचा जो दाखला महाराष्ट्राच्या २००६ च्या आगप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो, तो मात्र आमच्या सोसायटीच्या फायलीत सहीशिक्क्यानिशी हजर होता. त्यावर सही करणाऱ्याने ती पेटी एकदा तरी उघडली असेल, असे मला वाटत नाही.

१४ एप्रिल १९४४ च्या गोदीतील स्फोटात आपल्या दलाने गमावलेल्या जवानांविषयी शाळेत ऐकले होते, आणि त्यामुळे शौर्य म्हणजे ज्वाळांत शिरणे एवढेच मला ठाऊक होते. घाबरलेल्या म्हातारीला आधी आपला चेहरा दिसला पाहिजे, हे त्या धुरातही एखाद्याला सुचावे, याचे मोल मी अजून करू शकलेले नाही.

आपले नाव विचारायचे राहून गेले. आई रोज विचारते, "त्या पोराने मुखवटा परत नीट लावला होता ना?"

आपली कृतज्ञ,
अकराव्या मजल्यावरील एक रहिवासी