मिस्त्रीकाका, तुमच्या खुर्चीबद्दल

ती. मिस्त्रीकाका यांस,
सा. न. वि. वि.

हे मराठी पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, हे ठाऊक असूनच लिहितोय. इंग्रजीत एक कार्ड पाठवलंय. त्यात चार ओळी आहेत, 'थँक यू' दोनदा आलंय आणि सांगायचं होतं ते सगळं राहिलंय. वीस वर्षं इंग्रजीत पगार कमावतोय, पण उपकार मात्र अजून मराठीतच आठवतात. 'मिस्त्रीकाका' हे नाव आईनं दिलं. तुम्ही तिच्याहून चार-पाच वर्षांनी लहानच असाल, पण गाडीच्या खालून जो माणूस बाहेर येतो त्याला मिरजेत मिस्त्रीच म्हणतात, आणि मुलांनी त्याला काका म्हणायचं असतं.

आमची गाडी तुम्हीच दुरुस्त केलीत, ती तुम्हाला वेगळी सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. १९८७ ची टोयोटा पिकअप, तिच्या सांगाड्यावर फायबरची २१ फुटी खोली बसवलेली. चार सिलिंडर, २.४ लिटरचं इंजिन, त्याच्या डोक्यावर स्वयंपाकघर, संडास, दोन पलंग आणि आम्ही. चढ लागला की ही ताशी ३५ मैलांवर येते आणि मागे गाड्यांची वरात लागते. मित्र हसतात. पण आई भारतातून आली की तिला हॉटेल नको असतं. 'तिथं चहा मिळतो, आधण ठेवायला मिळत नाही,' हे तिचं म्हणणं. या गाडीत तिचं स्वतःचं खातंसुद्धा आहे. गॅसवर चालणारा फ्रीज गाडी सपाट उभी असल्याशिवाय नीट चालत नाही, म्हणून प्रत्येक मुक्कामाला आई ओट्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी ठेवते आणि मला हुकूम सोडते, 'डावं चाक अजून वर घे.'

आवाज गेल्या हिवाळ्यापासून होता. सकाळी गाडी सुरू केली की डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट, दोन-तीन सेकंद, मग बंद. पहिल्या गॅरेजमध्ये काउंटरवरचा मुलगा म्हणाला, 'ज्यात संडास आहे ते आम्ही घेत नाही.' दुसऱ्यानं घेतली, तीन तास ठेवली, व्हॉल्व्ह सेटिंगचे पैसे घेतले आणि म्हणाला, जुनी गाडी आहे, आवाज करणारच. तिसऱ्यानं बॉनेटसुद्धा उघडलं नाही. नवीन इंजिन टाका म्हणाला आणि आकडा सांगितला. मी अख्खी गाडी त्याहून स्वस्तात घेतली होती. तिघांकडे मी गाडी चालवत नेली होती, म्हणजे तिघांनी ती गरम असताना बघितली. खडखडाट सकाळचा. ही साधी गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

मग नेवाडातला हायवे ५०. 'लाइफ' मासिकानं १९८६ मध्ये याला अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हटलं होतं, आणि आता तिथली गावं तीच पाटी अभिमानानं मिरवतात. ऑस्टिन, युरेका, इली, मध्ये सत्तर-सत्तर मैल काही नाही. एक दरी, एक डोंगर, परत दरी, आणि सगळीकडे सेजब्रशच्या झुडपांचा करडा वास. यातलं तुमचं गाव कोणतं ते लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढं दोन दिवसांत कळलं.

आम्ही निघालो होतो ग्रेट बेसिन नॅशनल पार्कला. तिथे ब्रिसलकोन पाइनची झाडं आहेत, तीन हजारांहून जास्त वर्षांची. आईला ती बघायची होती. वाटेत हिकिसनला दगडावरच्या कोरीव चित्रांजवळ रात्र काढली आणि सकाळी किल्ली फिरवली, तर खिळ्यांचा डबा थांबेचना. अख्खं एक मिनिट. आई मागून म्हणाली, 'हा आवाज मला माहीत आहे. ही चेन.' मी तिला गप्प केलं. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं, आता सांगतो.

गाडी कशीबशी तुमच्या शेडपर्यंत आणली. तुम्ही बॉनेटकडे गेलातच नाही. आधी वाकून मागच्या जोडचाकाचे नट मोजलेत. सहा. मान डोलावलीत. मलाही ते माहीत होतं, घेताना मीसुद्धा तेच मोजले होते. याच्या आधीच्या कित्येक गाड्यांना पाच नटांची हलकी ॲक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, असायची आणि वरच्या खोलीच्या वजनाखाली ती तुटायची. त्या एका मान डोलावण्यानं माझा अर्धा जीव भांड्यात पडला, कारण ही गाडी ओळखणारा माणूस भेटला होता. मग तुम्ही विचारलंत, 'सकाळी किती वेळ वाजतं?' एवढ्या महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आणि म्हणालात, आता चालू करू नका, रात्री इथेच अंगणात झोपा, सकाळी थंड असताना ऐकतो.

सकाळी सहाला तुम्ही लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून उभे होतात. मी किल्ली फिरवली. तुम्ही लगेच हात वर केलात, बंद. टायमिंग चेन जिच्यावर टेकून पळते ती प्लास्टिकची गाइड तुटली होती. सैल झालेली चेन कव्हरच्या आतल्या बाजूला घासत होती. ऑइलचा दाब आला की टेन्शनर तिला ताणून धरायचा, म्हणून आवाज थांबायचा आणि गरम इंजिनात काही कळायचं नाही. कव्हर निघाल्यावर तुम्ही माझं बोट धरून त्या घासलेल्या चरीतून फिरवलंत. अजून थोडी खोल गेली असती तर पलीकडचं, इंजिन थंड ठेवणारं पाणी ऑइलमध्ये उतरलं असतं आणि तिसऱ्या गॅरेजवाल्याचं भाकीत खरं झालं असतं.

पुढचं काम दोन दिवस चाललं. सामान दुसऱ्या गावाहून आलं. त्याचं वर्णन करत बसत नाही.

मला बोलायचंय खुर्चीबद्दल. गाडी उघडी पडल्यावर आईला बसायला जागाच नव्हती. आत पलंगावर तुमची हत्यारं, बाहेर ऊन. सहा हजार फुटांवरचं ऊन, हवा थंड आणि चटका मात्र दुप्पट. मी भाग आणायच्या, फोन करायच्या, ऑफिसला कळवायच्या गडबडीत होतो. माझ्या लक्षात आलं नाही. तुम्ही शेडमधून एक खुर्ची ओढत आणलीत. खुर्ची कसली, जुन्या पिकअपचं सीट लाकडी चौकटीवर ठोकलेलं. शेडच्या सावलीत ठेवलीत, हातानं दोनदा झटकलीत आणि परत गाडीखाली गेलात.

तासाभरानं सावली सरकली. आईच्या पावलांवर ऊन आलं. तुम्ही गाडीखालून बाहेर आलात, फडक्याला हात पुसलेत, तिला उठायची खूण केलीत, खुर्ची हातभर सरकवलीत, तिला बसवलंत आणि पुन्हा खाली. पुढच्या तासाला परत तेच. गाडीखालून तुम्हाला काय दिसत असणार? आईची पावलं आणि जमिनीवरची उन्हाची रेघ, बस. ती रेघ तुम्ही कामाबरोबर बघत होतात. चौथ्या वेळी तुमचे बूट हलताना दिसल्याबरोबर आईच उठून उभी राहिली. दोघांत एका शब्दाची देवाणघेवाण नाही. दोन दिवसांत ती खुर्ची शेडभोवती अर्धं वर्तुळ फिरली. मातीत तिच्या पायांच्या खुणा उमटल्या होत्या, मी त्यांचा फोटो काढून ठेवलाय.

आई एस.टी.तल्या मेकॅनिकची बायको. बाबा मिरज डेपोत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही पेट्रोलनं हात धुताना तिनं बघितलं आणि तिला राहवेना. गाडीत चढून साखरेचा डबा घेऊन आली. तुमच्या तळहातावर साबण, त्यावर चमचाभर साखर, आणि चोळायची खूण. बाबा असेच धुवायचे. ग्रीस निघाल्यावर तुम्ही हात उलटसुलट करून बघितलेत आणि मोठ्यानं हसलात. त्या रात्री आई बराच वेळ गप्प होती. मीही काही विचारलं नाही.

आणखी एक. तुम्ही पैसे कमी घेतले नाहीत. खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडलात, सामानाचं वेगळं, तासांचं वेगळं, आणि पूर्ण रक्कम घेतलीत. मला ते फार आवडलं. पैसे नाकारले असतेत तर मला ओझं झालं असतं. कामाचे पैसे घेतलेत, खुर्ची त्या हिशेबात कुठेच नव्हती.

खेड्यातली माणसं भली आणि शहरातली वाईट, असलं काही मला म्हणायचं नाही. तिसरा गॅरेजवाला खेड्यातलाच होता. आणि फ्रीमाँट शहरातल्या सामानाच्या दुकानातल्या एका मुलीनं मला छताची बुटाइल पट्टी, म्हणजे गळती बंद करायची चिकटपट्टी, कशी लावायची ते रांग थांबवून शिकवलं होतं. पण या देशात वीस वर्षं राहून माझी एक समजूत झाली होती, की इथे मदत मागावी लागते, न मागता कोणी करत नाही, आणि न मागता केलेली मदत म्हणजे दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणं. आता ती समजूत जरा बाजूला काढून ठेवलीय. आमच्या वाड्यात कोणाचाही म्हातारा दारात बसलेला असला तरी येताजाता त्याची बाज सावलीत ओढली जायची. त्याला मदत असं नावसुद्धा नव्हतं. ते मला विसरायला झालं होतं, आणि माझ्याच आईच्या बाबतीत.

ग्रेट बेसिनला पोचलो. वरच्या घाटात २४ फुटांहून लांब गाड्यांना सोडत नाहीत, आमची २१ची असल्यामुळे गेली, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, कुरकुरत. झाडांपर्यंतची पायवाट जवळजवळ दहा हजार फुटांवरून जाते. आई अर्ध्यात एका दगडावर बसली आणि म्हणाली, तू बघून ये आणि मला सांग. तासाभरानं परत आलो तर ती पलीकडच्या दगडावर होती. 'ऊन आलं,' म्हणाली, 'मीच सरकले.'

आई तुम्हाला नमस्कार सांगते. मे महिन्यात ती परत येतेय, आम्ही पुन्हा त्याच रस्त्यानं जाऊ.

आपला,
सहा नटांच्या गाडीवाला

ता. क. पलंगावरच्या डाव्या कोपऱ्यात छत बोटानं दाबून तुम्ही तोंड वाकडं केलं होतंत. बरोबर होतं, आतलं लाकूड पोह्यासारखं भिजलं होतं. गेले तीन शनिवार तेच काढतोय.