डिस्चार्ज कार्डावर एक ओळ हवी

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

मी कोपरखैरण्याची. माझा धाकटा भाऊ गर्दच्या नादी लागला होता. एका रात्री संडासात निपचित सापडला, ओठ निळे, श्वास कसाबसा चालू. दवाखान्यात नॅलोक्झोन, म्हणजे गर्दचा अंमल उतरवणारं औषध, दिलं, वाचला. ५व्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी आला, आईच्या हातची भाकरी खाल्ली, शेजाऱ्यांशी गप्पा मारल्या. कार्डावर लिहिलं होतं, ‘प्रकृती स्थिर’.

१९व्या दिवशी तो पँटच्या एकाच पायात दोन्ही पाय घालायला बघत होता. मोरीत बादली भरून वाहत होती आणि हा नुसता बघत उभा. दोन दिवसांनी कपड्यांतच लघवी झाली. आम्हाला वाटलं, परत ओढली. मी त्याला नाही नाही ते बोलले, ते अजून माझ्या घशात अडकलंय. व्यसनमुक्ती केंद्रानेही तेच धरलं. तिथे १२ दिवस गेले. शेवटी ठाण्यातल्या एका डॉक्टरांनी विचारलं, “मधे अगदी बरा होता का?” आणि मेंदूचा एमआरआय काढायला लावला. तेव्हा खरं कारण कळलं.

श्वास मंदावला की मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो. माणूस शुद्धीवर येतो, बरा दिसतो. पण आत मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होत राहतं. साधारण १ ते ४ आठवड्यांनी ते बाहेर दिसतं : गप्प होणं, गोंधळणं, चाल बिघडणं, कधी भास. गॅस गिझरच्या धुराने गुदमरलेल्यांनाही हे होऊ शकतं. प्रकार दुर्मीळ आहे, पण नवा नाही; १९६२ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्यावर लिहिलंय. बरेच जण काही महिन्यांत सुधारतात, पण त्यासाठी आधी कुणीतरी ओळखायला हवं.

साहेब, मला मशीन नको, इमारत नको. ओव्हरडोसमधून वाचलेल्या प्रत्येकाच्या कार्डावर मराठीत छापा : ‘महिनाभरात वागणं, बोलणं, चालणं बदललं तर व्यसन समजू नका, लगेच घेऊन या.’ तिसऱ्या आठवड्यात आशाताईंचा एक फोन जावा. आणि व्यसनमुक्ती केंद्रांना हे शिकवा, कारण आमच्यासारखी घरं आधी तिथेच जातात.

भाऊ आता शर्टाची बटणं स्वतः लावतो. वेळ लागतो, आई थांबते. ते कार्ड माझ्याकडे आहे. सहीखाली दोन बोटं जागा कोरी आहे. बोलवाल तेव्हा घेऊन येईन.

आपली,
एक बहीण, कोपरखैरणे