तुझी गोष्ट मी माझी म्हणून सांगितली

फैजपूर,
आषाढ वद्य पंचमी

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

आठ महिन्यांत तुला एक ओळही लिहिली नाही, याबद्दल मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या असशील त्या सर्व मान्य आहेत. माईंचे गुडघे तसेच आहेत आणि माझी साखर गोळीवर आहे. आज लिहायला बसलो तो एका चोरीची कबुली द्यायला, आणि माल तुझाच असल्यामुळे ती दुसऱ्या कोणापुढे देऊन उपयोग नाही.

आमच्या चिमीचे दिवाळीपासून बिनसले होते. बालवाडीपासून एका बाकावर बसणारी तिची मैत्रीण पाचवीत तुकडी बदलल्यावर नव्या मुलींत मिसळली. भांडण नाही, कारण नाही, एके दिवशी रिक्षात 'ही जागा धरली आहे' एवढेच म्हणाली. तेव्हापासून चिमी डबा भरलेलाच परत आणू लागली. हिने त्या मुलीच्या आईला फोन केला आणि प्रकरण आणखी नासले, कारण दुसऱ्याच दिवशी वर्गात चिमीला 'चहाडखोर' हे नाव पडले. मग मी मैत्री या विषयावर असे व्याख्यान दिले, की १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनातही आपल्या गावाने एवढे लांब भाषण ऐकले नसेल. माई तेवढ्या शहाण्या. त्या काही न विचारता तिला शेजारी शेंगा सोलायला बसवीत.

एका रात्री अंथरुणात तिने विचारले, "पप्पा, तुमच्याशी कधी कोणी बोलणे सोडले होते का?"

मी 'हो' म्हणालो. आणि आपली सहावी सांगितली, बाळू. चामड्याचा चेंडू असलेली ती कॉलनीतली मुले, 'तू आमच्यात नाहीस' हे वाक्य, मधल्या सुट्टीत हौदामागे एकट्याने खाल्लेली कळण्याची भाकरी, सगळे सांगितले. फक्त ते वाक्य ऐकणारा मी झालो आणि म्हणणारा 'एक मुलगा' झाला. ती उठून बसली. इतक्या महिन्यांत प्रथमच तिच्या डोळ्यांत चमक दिसली आणि त्या चमकेपुढे खरे बोलण्याचे धैर्य मला झाले नाही.

"मग तुम्ही काय केलेत?"

इथे मी अडकलो, कारण ते मला ठाऊकच नाही. वर्षभर मी तुझ्याकडे पाहण्याचेच टाळत होतो. तू तुझ्या वडिलांच्या शिलाईच्या दुकानात बसून काजे करायला शिकलास आणि गॅदरिंगच्या दिवशी निम्मा वर्ग तुटलेली बटणे घेऊन तुझ्यापुढे रांगेत उभा होता, एवढे आठवले, तेवढे सांगितले. त्या रांगेत मीही होतो, हे गाळले. "पण पप्पा, तुम्हाला तर सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही," ती म्हणाली. विसरलो, असे सांगून मी कूस बदलली.

मे महिन्यात ती माझ्याबरोबर मळ्यात येऊ लागली. केळीची बाग पाच बाय पाच फुटांवर आहे, म्हणजे एकरी १७४२ खोडे, हा हिशोब तिने पहिल्याच दिवशी मातीत काडीने केला. मग कटाईच्या म्हाताऱ्या मुकादमाने तिला नाद लावला: घडाच्या फण्या मोजायच्या, केळाची जाडी पाहायची, वजन बोलायचे आणि मग काट्यावर ताडून घ्यायचे. सुरुवातीला पाच-सहा किलोंनी चुकायची. सुट्टी संपता संपता चूक किलोभरावर आली. जूनमध्ये व्यापाऱ्याच्या माणसाने चार घडांचे वजन ७२ किलो लिहिले, तेव्हा दहा-बारा पुरुषांदेखत ही सव्वा हाताची पोर म्हणाली, "काका, हे ९० च्या खाली नाहीत." मी तिला गप्प करणार होतो. काट्याखाली ढेकूळ अडकले होते. ते काढल्यावर ९१ भरले. आता सगळे मजूर तिला 'काटा' म्हणतात आणि ती ओ देते.

ती मैत्रीण परत आलेली नाही आणि चिमी अजून एकटीच बसते. मात्र डबा संपवून येते. यात माझ्या गोष्टीचा वाटा किती, हे मी स्वतःला विचारत नाही. अडचण एवढीच, की ती ज्याला त्याला 'आमच्या पप्पांचेही असेच झाले होते' म्हणून सांगते.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईचा सण आहे आणि तू येणार आहेस. तिच्या प्रसादाचा रोट घरच्यांनीच खायचा असताना पाचवीत तू माजघरात लपून खाल्लास. सहावीत त्या मुलांना हसवण्यासाठी मीच ते माईंपुढे फोडले, आणि माईंनी तुझ्याऐवजी माझाच कान पिळला. चिमी तुला त्या वर्षाबद्दल विचारणारच. तू येण्याआधी मी तिला खरे सांगून टाकणार आहे, पण अर्धी गोष्ट घेऊन तिच्यापुढे कसा बसू? म्हणून एवढे उलटटपाली कळव: हौदामागे तू काय करत असायचास?

तुझी बदली, नवे घर, मुलाचा निकाल हे सर्व कळले; आनंद झाला, भेटीत बोलू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दादू