किल्ली तुकड्यांतच जन्माला यावी

संपादक महोदय,

कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावी पतसंस्था आहेत, दूध संस्था आहेत. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे ठेवायच्या, हे तिथे कुणाला शिकवावे लागत नाही. संगणकातल्या बॅकअपची सांकेतिक किल्ली मात्र सॉफ्टवेअरवाल्याच्या नाहीतर सेक्रेटरींच्या एकाच यंत्रावर तयार होते आणि मग तिचे तुकडे संचालकांना वाटले जातात. संगणकशास्त्रज्ञ शामीर यांची १९७९ ची, गुपिताचे तुकडे वाटण्याची पद्धत चोख आहे, पण वाटणाऱ्याने अख्खी किल्ली पाहिलेली असते, त्याचे काय?

वाटणारा नकोच असेल तर संकेतशास्त्रज्ञ पेडरसन यांची १९९१ ची रीत आहे. समजा पाच संचालक आणि कोणतेही तिघे जमले की कुलूप उघडावे. प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर तीन गुप्त आकडे निवडायचे, उदाहरणार्थ ५, ३, २. त्यांची राशी ५ + ३क्ष + २क्ष². दोन नंबरच्या संचालकाला क्ष = २ घालून १९ येतात; १७ ने भागून उरलेली बाकी २, ती त्याची चिठ्ठी. (प्रत्यक्षात १७ च्या जागी सुमारे ७७ अंकी मूळ संख्या असते.) अशा एकूण वीस चिठ्ठ्या खासगीत जातात. प्रत्येकजण आलेल्या चार आणि स्वतःची एक यांची बेरीज करतो. तोच त्याचा तुकडा. अख्खी किल्ली, म्हणजे सर्वांच्या पहिल्या आकड्यांची बेरीज, घडताना कुठल्याच यंत्रावर नसते.

चिठ्ठी खोटी असली तर? म्हणून प्रत्येकाने तिन्ही आकड्यांचे शिक्के, म्हणजे एका ठरलेल्या संख्येचा त्या आकड्याइतका घात, सर्वांना जाहीर करायचे. शिक्क्यावरून आकडा काढता येत नाही, चिठ्ठी मात्र ताडून पाहता येते. शिक्के मोजा. तीनऐवजी चार आले आणि सॉफ्टवेअरने मोजले नाहीत, तर तिघांचे कुलूप गुपचूप चौघांचे होते. सगळ्यांना तेच शिक्के मिळाले ना, हे त्यांचा हॅश (मजकुरावरून निघणारा छोटा ठसा) फोनवर वाचून पडताळा. कुणालाही शून्य क्रमांक देऊ नका; क्ष = ० घातले की चिठ्ठीवर पहिला गुप्त आकडाच येतो.

आणखी एक पळवाट १९९९ मध्ये जेनारो आणि सहकाऱ्यांनी दाखवली. शिक्के उघडे पडल्यावर दोघे लबाड संगनमताने तक्रार करून आपल्यातल्याच एकाला बाद करायचे की नाही ते ठरवतात आणि सार्वजनिक किल्ली (कुलूप लावणारी, सर्वांना दिसणारी जोडकिल्ली) आपल्याकडे झुकवतात. उपायही त्यांचाच: आधी झाकलेले शिक्के (आणखी एक गुप्त आकडा मिसळलेले), मग पात्र कोण ते पक्के करायचे, मगच उघडे शिक्के.

पण हे सगळे सभागृहात एकाच लॅपटॉपवर पाळीपाळीने उरकले, तर मुसळ केरात!

तीन तुकडे हरवले तर किल्ली परत आणून देणारा कुणी नाही. संचालक बदलला तर उरलेल्यांनी नवे तुकडे पाडावेत, सार्वजनिक किल्ली तीच राहते. जुने तुकडे मात्र सर्वांनी त्याच दिवशी पुसावेत.

आपले,
दोन संगणक अभियंते, राजारामपुरी, कोल्हापूर